कायद्याच्या पीएचडीला एथिक्स कमिटीची मंजुरी : माझा अनुभव

एलएलएमनंतर बायोएथिक्सकडे (वैद्यक आणि जीवविज्ञानातल्या नैतिक प्रश्नांच्या अभ्यासाकडे) वळायचं असेल तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नेटच्या (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या) विधी विषयाच्या १० घटकांत बायोएथिक्स नावाचा एकही घटक नाही. नोकरीची पात्रता संविधान, टॉर्ट, फौजदारी कायदा यांवरच मिळवायची आणि आवडीचा विषय पीएचडीसाठी राखायचा. मी रुग्णाची संमती हा विषय घेतला. समीरा कोहली (२००८) ते कॉमन कॉज (२०१८) असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तपासायचे तर त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही, ते सगळ्यांना खुले आहेत. पण सोलापुरात सिव्हिलला ऑपरेशन झालेल्या माणसाला ‘आधी तुम्हाला काय सांगितलं होतं?’ एवढं विचारायचं म्हटलं, की आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात.

क्रम असा : विद्यापीठाच्या आरआरसीची (पीएचडीचा विषय मंजूर करणाऱ्या समितीची) मान्यता, मग रुग्णालयाच्या प्रमुखांचं परवानगीपत्र, मग तिथल्या एथिक्स कमिटीकडे (माणसांवरच्या संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे) अर्ज. परवानगीपत्र म्हणजे मंजुरी नव्हे. त्यावर इमारतीत शिरता येतं, पेशंटला प्रश्न विचारता येत नाहीत. मंजुरीआधी उरकलेल्या मुलाखती मागाहून नियमित करून मिळत नाहीत. ‘पायलट’ म्हणून घेतलेल्याही नाहीत. आणि आपल्या कामात धोका नगण्य आहे, सबब कमिटीच्या तपासणीतून सूट मिळावी, असा अर्ज जरूर करावा, पण सूट द्यायची की नाही ते कमिटी ठरवते.

कमिटीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, निम्मे तरी बाहेरचे. बैठकीला किमान ५ जण लागतात. कमिटीत एक कायदेतज्ज्ञ असतो. आपला वकिली मसुदा तो ओळखतो, पण अडवणूक बहुधा सामान्य (वैद्यक किंवा कायद्यातला नसलेल्या) सदस्याकडून होते : ‘हे वाक्य मला कळलं नाही, पेशंटला काय कळणार?’ अडवणूक म्हटलं खरं, पण प्रश्न रास्त असतो.

फाइलमध्ये प्रोटोकॉल (संशोधनाचा लेखी आराखडा), गाइडची सही, प्रश्नावली, माहितीपत्रक, संमतीपत्र, सीव्ही, हितसंबंधांचं घोषणापत्र आणि खर्चाचा तपशील लागतो. यातलं संमतीपत्र सोडून बाकी सगळं आठवड्याभरात जमतं. वकिलाच्या हाताला अ‍ॅफिडेव्हिटची सवय. तो लिहितो, ‘मी याद्वारे स्वखुशीने संमती देत असून भविष्यात कोणताही दावा करणार नाही.’ यातला शेवटचा भाग थेट बाद होतो, कारण हक्क सोडायला लावणारी भाषा संमतीपत्रात चालत नाही. त्याजागी असं लिहावं : ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात फरक पडणार नाही. मधेच थांबावंसं वाटलं तर थांबा, कारण सांगायची गरज नाही.’

सोलापुरात हे मराठीत लिहून भागत नाही. पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडून आणि सीमेपलीकडून येणाऱ्यांची कन्नड, शिवाय उर्दू. प्रत्येक भाषेतली प्रत आणि ती दुसऱ्या कुणाकडून उलट मराठीत करून घेतलेली प्रत, दोन्ही जोडाव्या. घरात तेलुगू बोलणाऱ्या प्रत्येकाला ती लिपी वाचता येतेच असं नाही, म्हणून कागद मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धतही प्रोटोकॉलमध्ये लिहावी. अंगठा घ्यायचा असेल तर साक्षीदार साक्षर आणि संशोधनाशी संबंध नसलेला हवा. वॉर्डातल्या सिस्टर किंवा उपचार करणारे डॉक्टर यांना त्या जागी बसवू नये. त्यांच्यासमोर पेशंट नाही म्हणत नाही. त्याच कारणाने मुलाखत डिस्चार्जनंतरची ठेवावी.

विडी कामगार बायकांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तासभर आपल्याशी बोलली की तेवढी मजुरी बुडते. ती भरपाई देता येते, पण रक्कम आणि तिचा हिशेब अर्जातच दाखवावा. आकडा मोठा दिसला की कमिटी त्याला आमिष म्हणते.

सगळ्यात नाजूक कलम गोपनीयतेचं. ‘तुम्ही सांगितलेलं सगळं गुप्त राहील’ हे वाक्य संमतीपत्राच्या बहुतेक तयार नमुन्यांत असतं आणि कायद्याच्या माणसाने तरी ते तसंच उतरवू नये. प्रसूतीच्या वॉर्डात १७ वर्षांची विवाहिता समोर आली, तर पॉक्सोच्या (१८ वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९नुसार पोलिसांना कळवणं संशोधकावरही बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वकिलीची सनद असली तरी आडोसा मिळत नाही. वकील-पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला असलेलं संरक्षण मुलाखतीला लागू नाही. म्हणून वयाची अट १८ पूर्ण अशी ठेवावी, वय पहिल्या प्रश्नाआधीच विचारावं, आणि ‘लहान मुलावरील अत्याचाराची माहिती मिळाल्यास कायद्याने कळवावी लागेल’ हा अपवाद संमतीपत्रात स्पष्ट लिहावा. याने काही जण बोलायचं टाळतात. ती घट किती जणांच्या मुलाखती घ्यायच्या ते ठरवतानाच धरावी.

रेकॉर्डिंगसाठी वेगळी सही घ्यावी. नावं आणि कोड यांची यादी उत्तरांपासून वेगळ्या कुलपात ठेवावी.

मंजुरीनंतर प्रश्नावलीत एक प्रश्न जरी बदलला तरी दुरुस्तीचा अर्ज करून मान्यता येईपर्यंत थांबावं लागतं. काम वर्षाच्या पुढे गेलं तर प्रगती अहवाल द्यायचा, संपल्यावर अंतिम अहवाल. मंजुरीपत्राचा क्रमांक प्रबंधाच्या पद्धतीशास्त्राच्या प्रकरणात आणि पत्राची प्रत परिशिष्टात लावावी. पुढे त्यावर लेख पाठवताना जर्नल तोच क्रमांक मागतं.