डावीकडेच वळणाऱ्या गाडीची जुळवणी
अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या बून येथील शर्यतीच्या मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर गाड्या फक्त डावीकडे वळतात, त्यामुळे वळणात सर्वाधिक भार उजव्या पुढच्या चाकावर येतो. आमच्या जुन्या होंडा सिव्हिकमध्ये पुढचीच चाके गाडी ओढतात आणि वळवतातही, म्हणून ती वळणात बाहेर सरकू पाहते. यावरचा उपाय पुढे नसून मागे आहे, हे मला (पुढच्या चाकांशी बरीच झुंज दिल्यावर) उशिराच कळले. मागच्या स्प्रिंगा कडक केल्या आणि मागच्या टायरांत पुढच्यांपेक्षा अधिक हवा भरली की मागच्या टायरांची पकड थोडी कमी होऊन गाडी सहज वळते. उजव्या पुढच्या चाकाचा माथा आत आणि डाव्याचा बाहेर कलवला, तर गाडी वळणात एका बाजूला झुकताना दोन्ही टायर मातीवर सपाट टेकतात. ट्रॅक वाळून गुळगुळीत होऊ लागला, की हवेचा दाब मी पुन्हा तपासतो.