एका मिलिग्रॅमची फाइल

कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीचा, ट्रान्झिस्टर अतिसंवाहक (खूप थंड केल्यावर विरोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या) धातूच्या टोकांना जोडून पाहावा, हा माझ्या पीएच.डी.चा विषय ठरायला एक दुपार पुरली. त्यासाठी लागणारी, पाण्यात मिसळलेली 1 मिलिग्रॅम नॅनोट्यूब पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत पोहोचायला मात्र सात महिने लागले.

खरेदीच्या अर्जात ‘एकक’ नावाचा एक रकाना असतो. त्यात मी ‘मिलिग्रॅम’ लिहिले, तर ‘नळीची लांबी मीटरमध्ये द्यावी’ असा शेरा मारून फाइल परत आली. नळीचा व्यास साधारण दीड नॅनोमीटर असतो, असे टिपण मी जोडले, तेव्हा हे नळकाम समजून ती स्थापत्य विभागाकडे गेली आणि तिथे पाच आठवडे पडून राहिली. ती तिथे आहे हेही मला शिपाईकाकांकडून कळले. म्हणून आवक-जावक नोंदवहीतला क्रमांक प्रत्येक टप्प्यावर स्वतः उतरवून घ्यावा. पुढे तीन दरपत्रकांची अट आली आणि त्याबरोबर, साधी भुकटी स्वस्त मिळत असताना निवडलेल्या अर्धसंवाहक नळ्या कशाला, हा प्रश्न. प्रश्न वावगा नव्हता, हे आज मान्य करतो. साध्या मिश्रणातल्या सुमारे एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या वागतात आणि तशी एक जरी दोन टोकांना जोडली गेली, तरी गेटने, म्हणजे ट्रान्झिस्टरमधला प्रवाह चालू-बंद करणाऱ्या तिसऱ्या टोकाने, प्रवाह बंद होत नाही. एवढे वाक्य अर्जातच असते तर दोन महिने वाचले असते. मी मात्र चिडून 1998 सालचा, नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या नॅनोट्यूब ट्रान्झिस्टरचा शोधनिबंध जोडला. तो कोणी उघडलाही नाही. मार्चअखेर अनुदान परत जाणार म्हटल्यावर फाइल तीन दिवसांत सुटली. भांडारात बाटलीतले गडद पाणी पाहून ‘माल कुठे आहे?’ असे विचारले गेले, ते वेगळेच. एककाच्या रकान्यात सरळ ‘बाटली, 1 नग’ लिहावे.

इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनच्या झोताने सूक्ष्म आकृती आखणे) आणि पॅलॅडियमच्या पातळ थरावर नायोबियम चढवणे दुसऱ्या संस्थेत दोन दिवसांत आटोपले. नायोबियम 9.2 केल्विनखाली अतिसंवाहक होते, त्यामुळे 4.2 केल्विनचे द्रव हेलियम पुरते. अ‍ॅल्युमिनियम घेतले असते तर 1.2 केल्विनच्याही खाली जावे लागले असते आणि त्या यंत्रासाठी आणखी एक फाइल लागली असती. द्रव हेलियम मिळण्याची पाळी मात्र खरेदीच्या अर्जाबरोबरच लावून ठेवावी, हे मला उशिरा सुचले. पहिल्या पाळीत गेटचा व्होल्टेज बदलल्यावर प्रवाह कमी-जास्त झालेला स्वच्छ दिसला. नळीतून विरोधाशिवाय वाहणारा प्रवाह शोधण्याआधीच हेलियम संपले. पुढची पाळी गणपतीनंतरची आहे.