खोबरेल तेलाचा मीठ साबण : पहिल्या बॅचची नोंद

मीठ आणि साबण यांचं मुळात पटत नाही. साबण शिजवून करणारे कारागीर कढईतल्या मिश्रणात मीठ टाकतात, ते साबण पाण्यातून सुटून वर यावा म्हणूनच. करडई, शेंगदाणा किंवा ऑलिव्ह तेलाच्या साबणात भरपूर मीठ घातलं, तर वडी घट्ट होते, पण हातावर फेस येत नाही. खोबरेल तेलाचं तसं नाही. त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक ॲसिड असतं. त्याच्या रेणूतली कार्बनची साखळी लहान असल्याने त्याचा साबण खाऱ्या पाण्यातही विरघळतो. जहाजावर समुद्राच्या पाण्याने अंघोळ करायला खोबरेल तेलाचाच साबण वापरत, त्याचं कारण हेच. या साबणातलं प्रत्येक प्रमाण मिठाशी असलेल्या या वैरातून ठरतं. ते ध्यानात राहिलं की पाककृती पाठ करावी लागत नाही.

या बॅचचं माप असं : खोबरेल तेल ४५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७१ ग्रॅम, पाणी १४२ ग्रॅम, बारीक मीठ २५० ग्रॅम. एकूण साधारण ९६० ग्रॅम, म्हणजे शंभर ग्रॅमच्या नऊ वड्या. सगळं वजनावर, पाणीसुद्धा. एक ग्रॅमपर्यंत नीट दाखवणारा काटा नसेल, तर तो येईपर्यंत थांबावं.

सोड्याचा हिशेब : एक ग्रॅम खोबरेल तेलाला ०.१८३ ग्रॅम आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. म्हणजे ८२.३५ अधिक ६.४०, एकूण ८८.७५ ग्रॅम. त्यातले २० टक्के वजा केले की ७१. हे २० टक्के म्हणजे सुपरफॅट, साबण न होता तेलच राहणारा भाग. साध्या साबणात ५ टक्के पुरतात. पण जवळजवळ सगळं खोबरेल तेलच असलेला साबण अंगावरचा तेलकटपणा पार ओढून घेतो आणि हिवाळ्यात कातडी पांढरी पडते, म्हणून इथे १५च्या खाली उतरू नये. एरंडेल फेस टिकवायला आहे, दहा टक्क्यांहून जास्त घातलं तर वडी चिकट होते.

मराठवाड्यात घाण्याचं करडई तेल सहज मिळतं, तेव्हा थोडं तेही घालावं असं कुणालाही वाटेल. या साबणात घालू नये. साध्या करडईच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास लिनोलेइक ॲसिड असतं आणि ते हवेने लवकर खवट होतं. वीस टक्के तेल मोकळं ठेवलेल्या वडीत त्याचे नारिंगी ठिपके उठतात आणि वास येतो. सोयाबीन आणि जवसाचंही तेच. करडई स्वयंपाकात उत्तम आहे, तिला तिथेच मान द्यावा.

मिठाबद्दल जरा सविस्तर. बारीक, कोरडं, पुड्यातलं साधं मीठ सर्वांत चांगलं. आयोडीन असलं तरी बिघडत नाही. जाडं मीठ स्वस्त असतं, पण त्यात मॅग्नेशियमचे क्षार उरलेले असतात. पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटतं ते त्यांच्यामुळेच, आणि तसंच पाणी वडीलाही सुटतं. शिवाय खड्यांच्या कडा अंग खरवडतात. सैंधव चालतं, मात्र मिक्सरमधून पिठासारखं बारीक करूनच. काळं मीठ गंधकाच्या वासामुळे बाद. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ते तर अजिबात नको : साबणाशी मिळून न विरघळणारा चोथा तयार होतो. मीठ ओलसर वाटलं तर तव्यावर कोरडं करून गार होऊ द्यावं, मगच तोलावं.

मीठ तेलाच्या निम्मं घेतलं आहे. २५ टक्क्यांना वडीचा दगडी गुळगुळीतपणा नीट येत नाही. १०० टक्क्यांपर्यंत जाता येतं, पण फेस कमी होतो आणि कापायला मिळणारा वेळ फारच थोडा उरतो. पहिल्यांदा करणाऱ्याने ५०वरच राहावं.

पाणी बोअरचं नको. आपल्याकडे काळ्या पाषाणातून उपसलेलं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम सोड्याच्या पाण्यातच गढूळपणा आणतं. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्यावं.

आता सोडा. नळ साफ करायच्या पुड्यांत कधी कधी ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात, त्या घेऊ नयेत. प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानात ९७–९८ टक्के शुद्ध सोडा मिळतो. भांडं स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रोपिलीनचं. जर्मनचं पातेलं चालत नाही, सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. लेकरं आणि मांजरं खोलीबाहेर, खिडकी उघडी. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, नाहीतर उकळी फुटून तोंडावर उडते. अंगावर थेंब पडला तर व्हिनेगर शोधत बसू नये. वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं धुवावं. डोळ्यात गेलं तर तसंच धुवत दवाखाना गाठावा.

ओतण्याचा दिवस. सोडा विरघळताना पाणी ८० अंशांच्या वर जातं. हिवाळ्यात ते आपोआप निवतं, मे महिन्यात मात्र खोलीच ४० अंशांवर असते. तेव्हा परातीत माठाचं पाणी घेऊन त्यात भांडं ठेवावं. खोबरेल तेल २५ अंशांच्या खाली थिजतं, म्हणून ते वितळवून दोन्ही ३८ ते ४२ अंशांवर आणले. तेल याहून गार असेल तर मिश्रण नुसतं थिजून घट्ट होतं आणि ट्रेस, म्हणजे तेल आणि सोड्याचं पाणी एकजीव होऊन आलेला दाटपणा, आल्याचा भास होतो. असा साबण साच्यात फुटतो.

सोड्याचं पाणी तेलात ओतून हँड ब्लेंडर थोडा थोडा फिरवला, मध्ये नुसतंच ढवळलं. मिश्रण पातळ पिठल्याइतकं दाट झालं, चमच्याची धार वर क्षणभर दिसू लागली, की ब्लेंडर बंद. याआधी मीठ घातलं तर ते तळाशी बसतं : खाली खरबरीत थर, वर मऊ साबण. मीठ सोड्याच्या पाण्यात तर मुळीच घालू नये. सोड्याने भरलेल्या पाण्यात ते पुरतं विरघळतच नाही. मीठ पडलं की मिश्रण भराभर दाटतं, म्हणून ते उलथन्याने मिसळायचं आणि साचे आधीच मांडून ठेवायचे. सुगंधी तेल १५ ग्रॅमपर्यंत, मिठाच्या आधी. वाळा टिकतो, संत्र्या-लिंबाचा वास महिन्याभरात उडतो. फुलांच्या वासाची बाजारी अत्तरं मिश्रण जागीच आवळतात. रंगाला वसमतकडची हळद पाव चमचा. ती सोड्यात आधी लालसर होते, तेव्हा घाबरू नये. हळद-चुन्याचं कुंकू याच गुणाने होतं. लाली पुढे उतरून फिकट पिवळा रंग उरतो.

साचे प्रत्येक वडीचे वेगळे, सिलिकॉनचे. लहान श्रीखंडाचे डबेही चालतात. एकच लांब साचा वापरायचा असेल तर घड्याळावर नजर हवी : ओतल्यावर तासाभरापासून दर वीस मिनिटांनी दाबून बघायचं आणि वडी घट्ट पण अजून कोमट असतानाच हातमोजे घालून कापायची. रात्रभर ठेवला तर हा साबण सुरीखाली ढलप्यांनी फुटतो, काप सरळ येतच नाही. वेगळ्या साच्यांतल्या वड्या सहा तासांत सुटल्या. मधोमध गडद गोल दिसला तो जेल (साबण आतून तापून अर्धपारदर्शक होणं) अर्धवट झाल्याचा. दिसायला खटकतो, गुणाला नाही. वरची पांढरी पावडर म्हणजे सोडा ॲश, ओल्या फडक्याने निघते.

दोन दिवसांनी जिभेचं टोक वडीला लावून पाहिलं. चटका बसला असता तर मोकळा सोडा उरल्याचं समजून बॅच बाजूला ठेवावी लागली असती. नुसता खारट लागला.

वाळवण बांबूच्या टोपलीत साध्या खाकी कागदावर. लोखंडी जाळी नको, लोखंड लागलं की ठिपके लवकर पडतात. शंभर ग्रॅम वडीत सुरुवातीला १५ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. दर आठवड्याला एकच वडी तोलावी, वजन उतरायचं थांबलं की वाळली. चार आठवडे हा किमान काळ. फेस तेव्हा विरळ असतो, तीन महिन्यांनी दाट आणि मलईदार होतो. पावसाळ्यात वड्यांना दव सुटलं तर पुसून डब्यात बंद कराव्यात. खरचटलेल्या अंगावर हा साबण झोंबतो, दाढी केल्यावर लगेच लावू नये.

चार आठवड्यांची वडी दोन पाण्यांत घासून पाहिली. आरओच्या पाण्यात बुडबुडे बारीक पण पुष्कळ. बोअरच्या पाण्यात फेस उशिरा आला आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसला. मीठ सोसणारा साबणसुद्धा कॅल्शियमपुढे वाया जातो. त्यासाठी पुढच्या बॅचमध्ये एकच बदल : किराण्यातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ५ ग्रॅम. ते आधी पाण्यात पूर्ण विरघळवून मग सोडा टाकायचा. एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड ०.६२४ ग्रॅम सोडा खातं, म्हणून सोडा ३.१ ग्रॅमने वाढवून ७४.१ घ्यायचा. तयार होणारं सोडियम सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं. तेल, मीठ, पाणी आणि तापमान मुद्दाम तेच ठेवणार, म्हणजे बोअरच्या पाण्यात फरक पडला तर तो कशामुळे पडला हे कळेल.