विसण धरून हिशोब : ट्रेलरमध्ये गिझर किती लिटरचा?

गाडीमागे ओढून मुक्कामाला न्यायच्या आमच्या ट्रेलरची ही पाचवी नोंद. मागच्या वेळी पाण्याच्या टाकीपर्यंत आलो होतो. ७० लिटरची टाकी ॲक्सलच्या बरोबर वर बसली, १२ व्होल्टचा पंप लागला, हँडशॉवरला धार आली. राहिलं होतं गरम पाणी.

"खान्देशात गरम पाणी कशाला लागतं भाऊ?" असं जळगावातल्या दोघातिघांनी विचारलं. मे महिन्यापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ४४-४५ अंशांत टाकीतलं पाणीच अंगाला चटका देतं. पण आम्ही ट्रेलर बाहेर काढतो डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा रावेर-यावलकडे केळीच्या बागा थंडीपासून वाचवायला लोक रात्री काडीकचरा पेटवून धूर करतात. माझ्या आईला गार पाणी सोसत नाही आणि अंघोळ झाल्याशिवाय ती चहाही घेत नाही. त्यामुळे ट्रेलरमध्ये फ्रीज नसला तरी चालेल, गिझर हवाच, हे मी पहिल्या दिवसापासून धरून चाललो होतो.

पहिली परीक्षा सारंगखेड्याला झाली. दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार पाहिला आणि मुक्कामाला जवळच्या नातेवाइकांच्या शेतात ट्रेलर लावला. घरचा जुना ६ लिटरचा गिझर तात्पुरता जोडून नेला होता. त्याची कॉइल २००० वॅटची, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ ९ ॲम्पिअर. शेतघरातला प्लग मात्र साधा ६ ॲम्पिअरचा. पाणी तापेपर्यंत पिन हाताला पोळायला लागली. ती काढून ठेवली आणि आईला पाठवलं. अंगाला साबण लावलेला असतानाच पाणी गार पडलं. ती रागावली नाही. "आपला बंब असा मधेच सोडत नव्हता रे," एवढंच म्हणाली. मला ते फार लागलं.

घरी आल्यावर विकत काही घेण्याआधी मोजमाप केलं. आमचा हँडशॉवर मिनिटाला ४ लिटर पाणी देतो, बादली आणि मोबाइलचं घड्याळ लावून तीनदा पाहिलं. अंग भिजवायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ, अशी अंघोळ केली तर माणशी ११ ते १३ लिटर पुरतात. १२ धरले. स्वयंपाकघरातला थर्मामीटर बादलीत बुडवून पाहिलं, तर अंगाला बरं वाटणारं पाणी ४० अंशांचं निघालं. आईला ४१ लागतं. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या टाकीतलं पाणी पहाटे १४ अंशांवर होतं.

इथून पुढे सगळं विसणावर, म्हणजे गरम पाण्यात मिसळायच्या गार पाण्यावर आहे. गिझरमध्ये पाणी ६५ अंशांचं असतं, ते कुणी तसंच अंगावर घेत नाही. म्हणून गिझर किती लिटरचा आहे यापेक्षा विसण घातल्यावर किती लिटर होतात, ते मोजायला हवं. सूत्र सोपं आहे : गिझरचे लिटर गुणिले (६५ वजा गार पाण्याचे अंश), भागिले (४० वजा गार पाण्याचे अंश). १४ अंशांच्या पाण्याला १० लिटरचा गिझर १९.६ लिटर देतो. पण गरम पाणी वरून निघत असताना खालून गार पाणी आत शिरतं आणि शेवटचा भाग कोमट होतो, म्हणून मी ८० टक्केच धरतो. मग ६ लिटरच्या गिझरचे साडेनऊ लिटर होतात, म्हणजे एक अंघोळसुद्धा पुरी नाही. सारंगखेड्याचं कोडं तिथेच सुटलं. १० लिटरचे साडेपंधरा, १५ लिटरचे साडेतेवीस, २५ लिटरचे ३९.

मोह २५ चाच होतो. अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले की तो आणखी वाढतो, कारण तिकडच्या ट्रेलरला ६ गॅलनची टाकी नेहमीची आणि १० गॅलनची मोठी. म्हणजे आपल्या मापात साधारण २३ आणि ३८ लिटर. पण तिथे ती टाकी गॅस आणि वीज दोन्हींवर तापवता येते, आणि मुक्कामाच्या जागेवर ३० ॲम्पिअरचा प्लग आणि पाण्याचा नळ दोन्ही असतात. आपल्याकडे ७० लिटर पाणी आणि शेतातला एक प्लग. चौघांच्या अंघोळीला ४८ लिटर गेले की २२ उरतात, चहा-भांड्यांना तेवढे हवेतच. मोठा गिझर घेऊन पाणी वाढत नाही, ओझं तेवढं वाढतं.

गॅस गिझरबद्दल दोन शब्द, कारण इथे मोठा गोंधळ होतो. विजेच्या गिझरवर ६ लिटर लिहिलं असेल तर ती साठवण. गॅस गिझरवरचे ६ लिटर म्हणजे मिनिटाला तेवढं पाणी साधारण २५ अंशांनी तापवण्याची ताकद. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. कागदावर गॅसवाला सरस दिसतो, पण तो मी ट्रेलरच्या आत बसवणार नाही. बंद जागेत ज्योत हवा खाते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. घरच्या बाथरूममध्येही माणसं यामुळे दगावली आहेत, आणि आमचा ट्रेलर बाथरूमपेक्षा फार मोठा नाही.

उरले १० आणि १५. पंधराच्या गिझरवर पहिल्या दोन अंघोळी जवळजवळ लागोपाठ झाल्या असत्या, पण बाकाखालच्या कप्प्यात तो मावत नव्हता आणि बाक तोडायची माझी तयारी नव्हती. १० लिटरचा घेतला. दुकानातल्या मिस्त्रीकडून २००० ची कॉइल काढून १००० वॅटची टाकून घेतली. आता सव्वाचार-साडेचार ॲम्पिअर लागतात, साधा प्लग निवांत सोसतो. १० लिटर १४ वरून ६५ वर न्यायला जवळजवळ ०.६ युनिट, म्हणजे ३६ मिनिटं. पुढच्या प्रत्येक अंघोळीमागे २०-२२ मिनिटं थांबायचं. बॅटरीवर हे जमत नाही. १२.८ व्होल्टच्या १०० ॲम्पिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट मावतं आणि चार अंघोळींना दीड लागतं. तो नाद मी सोडला.

बसवताना खालून लोखंडी पट्टी दिली. भिंतीवर दोन बोल्टवर टांगायची वस्तू आहे ती, आपल्या रस्त्यांवर नुसत्या बोल्टवर सोडली तर भोकं मोठी होणार. गार पाण्याच्या तोंडाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा), सेफ्टी व्हॉल्व्हची नळी तळातून बाहेर, आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. ओल्या अंगाने पत्र्याच्या खोलीत उभं राहायचं असतं, तिथे आरसीसीबी आणि अर्थिंगला पर्याय नाही. ट्रेलर लावला की अर्थिंगची सळई आधी ठोकतो, मग प्लग. गरम नळाला सलग धार आल्याशिवाय बटण दाबायचं नाही, कोरडी कॉइल लगेच जळते.

मागच्या आठवड्यात तोरणमाळला नेला. घाट रिकाम्या टाकीने चढलो, पाणी वर गेल्यावर भरलं. पहाटे टाकीत ११ अंश. हिशोबाने ३८ मिनिटं यायला हवी होती, लागली ४३. गिझरभोवती अजून काही गुंडाळलेलं नाही, उष्णता तिथून जात असणार. सव्वापाचला बटण दाबलं, सहाला आई आत गेली. बाहेर मी थर्मामीटर आणि वही घेऊन उभा होतो. ४१ अंशांचं पाणी शेवटपर्यंत टिकलं. मग मुलगी, मग बायको, मी शेवटी. साडेसातला चौघांच्या अंघोळी झाल्या तेव्हा टाकीत २१ लिटर उरले होते.

एक खटकलं. गिझर ते शॉवर तीन मीटर नळी आहे, त्यातलं पाव-अर्धा लिटर गार पाणी दर वेळी आधी अंगावर येतं. या रविवारी नळीला फोमचं आवरण घालतो आणि गिझरभोवती ग्लासवूल भरतो. ४३ ची ४० मिनिटं होतात का, ते सहाव्या नोंदीत लिहीन. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे कॉइलवर किती क्षार बसतात तेही तीन महिन्यांनी उघडून बघणार आहे.