सॉक्रेटिस तुरुंगातून पळून का गेला नाही?

ग्रीक तत्त्वज्ञानावर मी कुठेही बोललो, तरी व्याख्यान संपल्यावर एक प्रश्न हमखास येतो: मित्रांनी पैशांची सोय केली होती, पहारेकरी ओळखीचा झाला होता, मग सॉक्रेटिस तुरुंगातून पळून का गेला नाही? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तरही तयार असते, की तो कायद्यापुढे मान तुकवणारा होता. हे उत्तर मला पटत नाही, आणि तुम्ही विचारलेत म्हणून त्याचे कारण सांगतो.

इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्सवर तीस जणांची जुलमी राजवट आली. तिने सॉक्रेटिसला आणि आणखी चौघांना सालामिसच्या लिऑन या निरपराध माणसाला पकडून आणण्याचा हुकूम दिला. ते चौघे निघाले, हा मात्र सरळ घरी गेला. पुढे इ.स.पू. ३९९ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, नगराचे देव न मानणे आणि तरुणांना बिघडवणे या आरोपांवरून खटल्याला उभा राहिल्यावर त्याने न्यायसभेलाच सांगितले, की तत्त्वचिंतन थांबवण्याच्या अटीवर तुम्ही मला सोडणार असाल, तर मी तुमच्यापेक्षा देवाची आज्ञा मानीन. अशा माणसाला आज्ञाधारक म्हणणे अवघड आहे.

मग त्याचा जुना मित्र क्रिटो पहाटेच्या अंधारात कोठडीत आला, तेव्हा याने नकार का दिला? डेलॉस बेटावर गेलेले पवित्र जहाज परतेपर्यंत कोणाला ठार करायचे नाही, या प्रथेमुळे त्याचा देहदंड लांबला होता आणि ते आता येणारच होते. क्रिटोने लोकापवादाची भीती घातली, मुलांची आठवण दिली. सॉक्रेटिसने विचारले एवढेच, की पळणे न्याय्य आहे का. अन्यायाची परतफेडही अन्यायाने करू नये, हे त्याचे जुने सूत्र होते, आणि माझ्या मते सगळे कोडे तिथेच सुटते: लिऑनच्या प्रकरणात हुकूम पाळणे म्हणजे स्वतः अन्याय करणे होते, कोठडीत थांबणे म्हणजे झालेला अन्याय सोसणे होते. दोन्हीकडे कसोटी एकच होती.

दुसरा मुद्दा मला अधिक रोचक वाटतो. दोषी ठरल्यावर पर्यायी शिक्षा सुचवण्याचा हक्क आरोपीला होता, आणि त्याने हद्दपारी मागितली असती तर ती बहुधा मान्य झाली असती. त्याने आधी मागितले काय, तर ऑलिम्पिक विजेत्यांप्रमाणे नगराच्या खर्चाने भोजन! नंतर मित्रांच्या हमीवर तीस मिना (ग्रीक चलन) दंड. उघड सभेत जी हद्दपारी स्वतः नाकारली, तीच आता रात्री वेष पालटून चोरून घ्यायची, हे त्याला हास्यास्पद वाटले. शिवाय पळून गेला असता, तर कायदे मोडणारा तरुणांनाही बिघडवत असणारच, असे म्हणायला न्यायाधीश मोकळे झाले असते.

ही भेट सांगणाऱ्या प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादात अथेन्सचे कायदेच बोलू लागतात आणि नागरिकाला आपले अपत्य, इतकेच नव्हे तर दास म्हणतात. ते वाचताना मात्र मी दरवेळी अडखळतो. पटवून द्या किंवा पाळा, हा त्यांचा पर्याय पाचशे लोकांच्या सभेत एका दिवसात निकाल लागणाऱ्या खटल्याला कितपत लागू पडतो? आणि त्याच्या तीन मुलांपैकी दोन तर अजून लहान होती. त्यांचा सांभाळ मित्र करतील, एवढ्यावर कायदे तो विषय मिटवतात. शेवटी क्रिटो म्हणतो, की मला काही बोलायचे नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मुलांविषयी पुन्हा एकदा विचारले असते.