गार भिंत

मे महिन्यात सकाळी दहाच्या आत आलेला फोन कधी चांगला नसायचा. लग्नसराईत ज्याला माल हवा असतो तो रात्रीच ऑर्डर सांगून मोकळा होतो. सकाळी फोन करतो तो भांडायला. १९९७ च्या मेमधला तो फोन सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या एका डीलरचा होता. गावाचं नाव सांगत नाही. माणसाला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो.

"भाऊ, साठ रोल गेले. सात लग्नं. चार स्टुडिओवाले सकाळपासून दुकानात बसून आहेत, उठायला तयार नाहीत."

आमची पेढी बोरा बाजारात, व्हीटी स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. (सीएसटी नाव वर्षापूर्वीच पडलं होतं, पण तोंडात बसलं नव्हतं.) रोल, पेपर, केमिकल, अल्बम, फ्लॅश, सगळा फोटोचा माल होलसेलमध्ये. शिवाय एक्स-रे फिल्म. नवख्या माणसाला त्याचं आश्चर्य वाटायचं, पण फोटो फिल्म आणि एक्स-रे फिल्म ही एकाच घरातली भावंडं. दोन्हीत चांदीचा क्षार, दोन्हीला चित्र उमटवणारा डेव्हलपर आणि ते पक्कं करणारा हायपो. अण्णाही दोन्ही विकायचे. मी कागदोपत्री सेल्समन, पण शेठ मला 'कंप्लेंट खातं' म्हणून हाक मारायचे.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे इमल्शन नंबर. फिल्मच्या खोक्यावर एक्स्पायरीच्या शेजारी छापलेला असतो. इमल्शन म्हणजे फिल्मवरचा रसायनाचा थर; एका वेळी जेवढ्या फिल्मवर तो ओतला जातो तेवढीचा नंबर एकच. जाणकार फोटोग्राफर अख्ख्या लग्नाला एकाच नंबरचे रोल मागतो, म्हणजे शालूचा रंग मुहूर्ताला एक आणि पंगतीला दुसरा असं होत नाही. अण्णांनी नंबर सांगितला, मी वही काढली. तोच लॉट लातूरला, सांगलीला आणि कोल्हापूरच्या दोन पार्ट्यांना गेला होता. चौघांना एसटीडी लावला. चौघांकडे माल चोख. एकानं तर उलट आणखी दहा डझन मागितले.

म्हणजे माल इथून चांगला निघाला होता. शेठ म्हणाले, "उन्हात ठेवला असेल. जाऊन ये, पण लगेच भरपाईची क्रेडिट नोट कबूल करू नकोस."

रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली, पहाटे कुर्डुवाडीला उतरलो, पुढे एसटी. आठ वाजता उन्हाचा चटका बसायला लागला होता. मनात मी निकाल लावून टाकला होता: उष्णता. रंगीत फिल्म एकवीस अंशांच्या खाली ठेवा असं खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि इथे मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे. अण्णांना दोन शब्द सुनवायचे, त्यांना वाईट वाटू द्यायचं नाही, आणि परतीची गाडी गाठायची.

चारही स्टुडिओवाले बाकड्यावर होतेच. त्यातला एक वयानं लहान, पहिलाच सीझन. तो काहीच बोलत नव्हता, नुसता हातातला रोलचा रिकामा डबा उघडत-मिटत होता. बाकीचे तिघे मात्र बोलत होते, आणि बरंच बोलले.

मी निगेटिव्ह मागवल्या. ट्यूबलाइटवर दुधी काच ठेवून भिंग लावलं, आणि पहिल्याच पट्टीला माझा निकाल बदलला.

उष्णतेनं रोल बिघडला की तो सगळीकडून सारखा बिघडतो. रंग मरतो, सावल्या हिरवट नाहीतर तांबूस होतात. लॅबमध्ये डेव्हलपर बिघडला तर त्या दिवशी टाकीत गेलेला प्रत्येक रोल बोंबलतो. सदतीस पॉइंट आठ अंश आणि सव्वातीन मिनिटं, यात जरा हललं की गावभर कळतं. कॅमेऱ्यात उजेड शिरला तर डाग फ्रेमच्या एका कोपऱ्यातून येतो. इथे होते पट्टे. ढगाळ, मऊ काठाचे काळपट पट्टे, ठरावीक अंतरानं, अख्ख्या रोलभर. फ्रेमवर, दोन फ्रेमच्या मधे, छिद्रांच्या कडेवरसुद्धा. मी फूटपट्टी लावली. रोलच्या सुरुवातीला दोन पट्ट्यांमधलं अंतर साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास, आणि शेवटाकडे जाता जाता कमी होत चाराच्या खाली.

हे मी आधी एकदाच पाहिलं होतं. परदेशातून आलेल्या एका गिऱ्हाईकानं न वापरलेले रोल मोठ्या बॅगेत टाकले होते, आणि ती बॅग विमानतळावर मशिनखालून गेली होती. रोल गुंडाळलेला असतो ना, त्यावर एका बाजूनं किरण आले की प्रत्येक वेढ्यावर एकदा पट्टा उमटतो. बाहेरचा वेढा मोठा, म्हणून अंतर मोठं. आतला लहान, म्हणून कमी. फूटपट्टी तेच सांगत होती.

पण कुर्डुवाडीहून ट्रकनं आलेल्या खोक्यांना विमानतळ कुठून भेटणार?

"अण्णा, हे रोल ठेवले कुठे होते?"

अण्णांनी मला आतल्या खोलीत नेलं. दुकान म्हणजे जुन्या वाड्याचा पुढचा भाग. फ्रीज होता, पण त्यात मावतील तेवढेच रोल. उरलेला सीझनचा माल भिंतीलगतच्या लोखंडी रॅकवर. "इथंच का?" म्हणून विचारलं तर अण्णांनी माझा हात धरून भिंतीला टेकवला.

"बघा की. गार हाय का नाही? अख्ख्या दुकानात ही एकच भिंत गार असते. दोन-तीन महिने झाले. माल टिकावा म्हणून सगळा रॅक हिकडं ओढला."

भिंत खरंच गार होती. बाहेर भट्टी पेटलेली आणि हाताला माठासारखा गारवा. आणि माझा हात तसाच भिंतीवर असताना पलीकडून, अगदी कानाजवळून बोलल्यासारखा, एक आवाज आला.

"श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका."

मग मशिनची घरघर, आणि खट्.

"सोडा."

मी हात असा काढला की अण्णा दचकले.

पलीकडे डॉक्टरांचा दवाखाना. फेब्रुवारीत नवीन एक्स-रे मशिन बसलं, मशिनसाठी खोलीला एसी लागला, एसीनं भिंत गार झाली, आणि गार भिंत बघून अण्णांनी माल तिला टेकवला. छातीचा एक्स-रे काढताना माणसाला ज्या स्टँडला उभं करतात तो स्टँड नेमका त्याच भिंतीवर. म्हणजे प्रत्येक पेशंटमागे किरणांचा झोत थेट रॅककडे. आम्ही खोकी खाली उतरवून कप्प्याप्रमाणे रोल मांडले. गेलेले साठ रोल म्हणजे वीस-वीसचे तीन पॅक, आणि तिन्ही मधल्या कप्प्यावरचे, छातीच्या उंचीला. सगळ्यात वरच्या आणि खालच्या कप्प्यातून नेलेल्या रोलची तक्रारच नव्हती.

आता हे डॉक्टरांना सांगायचं कसं? डॉक्टर भला माणूस, पण गावातला मोठा माणूस. त्यात मार्चमध्ये त्यांनी अण्णांकडून घेतलेल्या एक्स-रे फिल्मचे दोन डबे 'फॉग आहे', म्हणजे न वापरताच काळवंडल्यात, म्हणून परत केले होते. आम्ही मुंबईहून ते मुकाट बदलूनही दिले होते. ते डबे कुठल्या रॅकवर होते ते मी अण्णांना विचारलं. मधल्याच.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पण पटलं नाही. "जुन्या वाड्याची भिंत आहे हो, दीड-दोन फूट जाड असेल. नऊ इंच वीट असली तरी पुष्कळ काम होतं."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमचीच एक कॅसेट द्या. बारा बाय पंधरा." कॅसेट म्हणजे एक्स-रे फिल्म ठेवायची चपटी, उजेडबंद पेटी.

फिल्म भरलेली कॅसेट आम्ही आमच्या बाजूनं, रॅकच्या मधल्या कप्प्यावर भिंतीला लावून उभी केली. तिच्यावर अण्णांच्या गोडाऊनची मोठी किल्ली चिकटपट्टीनं चिकटवली. मग सगळे दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन थांबलो. पलीकडे नेहमीसारखे पेशंट चालू. चार छातीचे एक्स-रे झाले. त्या अर्ध्या तासात कळलं की दुकानातला पोरगा दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याच भिंतीला पाठ टेकून गारव्याला बसायचा. अण्णांनी त्याला जवळ ओढून उभं केलं आणि नंतर दिवसभर आतल्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही.

कॅसेट घेऊन डॉक्टरांच्या डार्करूममध्ये गेलो. लाल दिवा, हायपोचा तो आंबट वास, आणि डेव्हलपरची टाकी वीस अंशांवर राहावी म्हणून भोवतीच्या पाण्यात टेक्निशियननं सोडलेला बर्फाचा तुकडा. फिल्म टाकीत हलत होती. आधी काही नाही. मग मधोमध काळं धरायला लागलं, पण चौकोनी नव्हे. वर कमान, खाली सरळ. कमानीच्या आत काळंकुट्ट, बाहेर नुसता करडा धुरळा, आणि काळ्याच्या मधे पांढरीशुभ्र किल्ली, दातांसकट.

"कोनाडा," डॉक्टर म्हणाले.

भिंत जाड होती, पण डॉक्टरांच्या बाजूला त्या भिंतीत कधीकाळी दिव्यासाठी ठेवलेला खोल कोनाडा होता. रंगकाम करताना कुणीतरी त्यावर प्लायवूड ठोकून वरून ऑइलपेंट मारला, आणि स्टँड लावणाऱ्यानं स्टँड बरोबर त्यावर लावला. कोनाड्यामागे विटेची एक पातळ फळी उरली होती. आवाज एवढा स्पष्ट का येत होता, तेही तेव्हा कळलं.

पुष्कळ वर्षांनी वाचण्यात आलं की १९४५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पहिल्या अणुचाचणीनंतर कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर असेच अनोळखी डाग उठले होते. माग काढता काढता तो दूरच्या इंडियानातल्या पुठ्ठ्याच्या गिरणीपर्यंत गेला. चाचणीची धूळ पाण्यात उतरली होती, तिथून पुठ्ठ्यात, आणि त्याच पुठ्ठ्यात फिल्म बांधलेली. ती धूळ एवढ्या लांब पोचल्याचा बाकी जगाला पत्ता नव्हता तेव्हा फिल्मला कळलं होतं. मला आमची किल्ली आठवली.

डॉक्टरांनी त्या दिवसापुरतं मशिन बंद ठेवलं. आठवड्यात स्टँड समोरच्या बाहेरच्या भिंतीला गेला आणि कोनाडा विटांनी बुजवून वर शिशाचा पत्रा लागला. पोराला त्यांनी स्वतः तपासलं, रक्त काढून सोलापूरला पाठवलं, आणि पुढे दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बोलावत राहिले. पैशाचा विषय त्यांनीच काढला. साठापैकी निम्मे रोल आणि त्यांच्या धुलाईचा सगळा खर्च त्यांच्याकडे.

लग्नांचं काय, तर काही वाचली. शालूच्या जरीत, मांडवाच्या गर्दीत पट्टा लपतो. पांढऱ्या भिंतीपुढे नुसते नवरा-नवरी उभे असले की लपत नाही. त्या गप्प बसलेल्या पोराचं एक लग्न पूर्ण गेलं होतं. अण्णांनी स्वतःच्या खर्चानं त्या जोडप्याला पुन्हा मुंडावळ्या बांधून कार्यालयात उभं केलं. फ्रीजमधले दोन रोल दिले, आणि रोल देताना इमल्शन नंबर मोठ्यानं वाचून दाखवला, मंत्र म्हटल्यासारखा.

मुंबईला परतलो. शेठनी सगळं ऐकलं, ती किल्लीची फिल्म खिडकीकडे धरून दोनदा पाहिली. "माल आपला चोख. मग नोट कशाची फाडायची?"

"अण्णा एकोणीस वर्षं पार्टी आहेत," मी म्हटलं. "निम्मे डॉक्टरांनी घेतले. निम्मे आपण घेऊ."

"फाड."

आमच्या क्रेडिट नोटवर कारणाचे तीनच छापील पर्याय असायचे: मुदत संपली, वाहतुकीत नुकसान, उत्पादनातील दोष. तिन्ही खोडले आणि खाली हातानं लिहिलं, 'भिंत गार होती'. मार्चमध्ये ऑडिटरनं त्याच्याभोवती लाल पेनानं गोल काढला.