बाबांचा टीडीएस आणि आत्याचे श्रावणबाळ

यवतमाळ जिल्ह्यातील आमचे नाल्याकाठचे वावर सिंचन प्रकल्पात गेले आणि मोबदल्याचे 14 लाख रुपये बाबांनी 7 टक्के व्याजाने मुदत ठेवीत ठेवले. 2023-24 च्या अखेरीस पासबुक छापून आणले, तेव्हा दर तिमाहीच्या व्याजाखाली 2,450 रुपयांची वजावट दिसली. वर्षाचे 9,800 रुपये टीडीएसपोटी, म्हणजे व्याज देतानाच बँक कापून घेते त्या प्राप्तिकरापोटी, कापले गेले होते.

मोबदला करमुक्त असला तरी ठेवीच्या व्याजाला ती सवलत नाही. साठी ओलांडलेल्यांचे व्याज वर्षाला 50,000 च्या वर गेले की बँक त्या वेळी दहा टक्के कापत असे. आपल्याला कर लागत नाही असे बँकेला लिहून देणारा ‘पंधरा एच’ अर्ज दिला असता, तर कपात टळली असती. ठेव करताना त्याविषयी आम्हाला कोणी काही सांगितले नव्हते.

पारावर सल्ला मिळाला, की अर्धी ठेव आत्याच्या नावे करा. हिशेब वरवर चोख होता, कारण प्रत्येकाचे व्याज 49,000 झाले असते. पण वेगळी चूल असलेल्या विधवा आत्याला निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेतून महिन्याला 1,500 रुपये मिळतात आणि तिथे वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 आहे. बाबांचे व्याज केवळ नावापुरते तिच्याकडे गेले असते आणि तिचे वर्षाचे 18,000 मात्र खरोखर बुडाले असते. मी स्पष्ट नकार दिला.

बाबांना वेगळीच धास्ती होती: प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले, की पीएम-किसानचे दोन हजार बंद! नियम पाहिला, तर मागील करनिर्धारण वर्षात ज्यांनी प्राप्तिकर भरला, ते अपात्र ठरतात. बाबांचे करपात्र उत्पन्न 3 लाखांच्या बरेच आत, म्हणजे कर शून्य. विवरणपत्र भरायचे ते कापलेले पैसे परत मागण्यापुरते.

31 जुलैच्या आत ते भरले, पण पडताळणीचा ओटीपी आधारला जोडलेल्या, केव्हाच बंद पडलेल्या क्रमांकावर जात होता. क्रमांक बदलण्यासाठी तालुक्याला दोन चकरा झाल्या, आणि तीस दिवसांची मुदत संपण्याच्या चार दिवस आधी पडताळणी झाली. सप्टेंबरात 9,800 रुपये खात्यावर आले. किसानचा हप्ताही थांबला नाही.

परतावा येण्याची वाट न पाहता 2024-25 चा ‘पंधरा एच’ मी दोन प्रतींत नेऊन दिला होता. बँकेच्या शिक्क्याची प्रत बाबांनी सातबाऱ्याच्या पिशवीत, सगळ्यांत वर ठेवली आहे.